चौथ्या मिनिटाची शिंक

“लाल दिवा लागला की खोकायचं नाही, शिंकायचं नाही, आणि मधेच ‘दादा’ म्हणून हाक तर मुळीच मारायची नाही. कळलं?”

मोठ्या भावाचं हे बजावणं तिला आठवलं तेव्हा तिच्या कानांवर हेडफोन होते आणि पुढ्यातला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

रोज सकाळी चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जाण्याआधी एक जुनं रेकॉर्डिंग इंटरनेटवर ठेवायचं, हा तिचा अकरा वर्षांचा नेम. आजारपणातही मोडला नव्हता. सगळी रेकॉर्डिंगं एकाच परदेशी रॉक गिटारवाल्याची. तो मंचावर कधी एक शब्द बोलला नाही, म्हणून ती त्याला मौनी म्हणायची. हळूहळू देशोदेशीचे चाहतेही म्हणू लागले. दुसरा नियम असा, की कॅसेट शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ठेवायची नाही.

काल नेम सांभाळताना नियम चुकला. वहिनीनं माळा आवरून धाडलेल्या खोक्यातली ती कॅसेट होती. वर दादाच्या अक्षरात मौनीचं नाव. तीन मिनिटं ऐकली, मोकळं, अंगावर काटा आणणारं वाजवणं होतं. घड्याळात साडेनऊ झाले. तिनं ‘मौनी, आजवर न ऐकलेलं’ असं लिहिलं आणि ती दुकानाकडे पळाली.

एरवी चाळीसेक लोक ऐकायचे. आज सकाळी आकडा नऊशेवर गेला होता.

“चौथ्या मिनिटाला मौनी बोलतो!” एकानं लिहिलं होतं. “जन्म सार्थकी लागला.”

“कुणीतरी शिंकतं, आणि तो परक्या भाषेत काहीतरी म्हणतो,” दुसरा. “शब्द कळत नाहीत, पण केवढी वेदना!”

तिनं परत सुरुवातीपासून लावलं. गिटार चढत चढत गेली, आता तुटेल की काय अशा टोकाला पोचली, आणि फाट्कन शिंक आली. मग दादाचा आवाज, पस्तीस वर्षांपूर्वीचा, कोवळा आणि संतापलेला: “झालं! म्हशीसारखी शिंकतेस! सगळं मुसळ केरात!” आणि पाठोपाठ तिचा स्वतःचा, रडवेला: “उद्या परत वाजव ना. उद्या नाही शिंकणार. शप्पथ.”

खट्. रेकॉर्डिंग तिथंच संपलं.

नवरा समोर वर्तमानपत्र धरून बसला होता. तिनं हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. म्हशीपाशी पोचल्यावर तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“मेव्हणे भलतेच वेदनेत आहेत.”

“अहो, हसता काय! अकरा वर्षांत एक नाव चुकीचं लिहिलं नाही मी. लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.”

“मग ठेवू देत की. नऊशे माणसं खूश आहेत. कशाला त्यांच्या दुधात मिठाचा खडा टाकतेस? कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय.”

गार झालेला चहा त्यानं उचलला आणि गरम करायला घेऊन गेला.

तिनं कालची ओळ खोडली. नवी लिहायला वेळ लागला, पण झाली ती छोटीच. ‘हा मौनी नाही. चूक माझी, शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. वाजवणारा: माझा मोठा भाऊ. शिंक: माझी.’ दादा काय म्हणाला तेही तिनं म्हशीसकट लिहून टाकलं.

चहा येईपर्यंत दोघांनी तिला खोटारडी म्हटलं होतं. एकानं लिहिलं, जन्म सार्थकी लागला होता तो परत घेतो. त्याच्याखाली आणखी एकानं विचारलं होतं, “पण मग शिंकेच्या पुढचं कुठे आहे?”

तिनं भावाला फोन लावला. तो दातांच्या कवळ्या बनवतो. मागे मशीनची घरघर होती.

“दादा, कालपासून नऊशे लोकांनी तुला ऐकलं.”

“मला? कवळी घालून कुणी गायलं की काय?”

तिनं सगळं सांगितलं. मधे कधीतरी घरघर थांबली.

“मौनी समजले? मला?”

“हो. मी खरं काय ते लिहिलं लगेच.”

“बरं केलंस. त्याचं ऐकून ऐकून वाजवायचो मी. नक्कल ती नक्कलच. खरं लिहिल्यावरही ऐकतायत?”

“विचारतायत, पुढचं कुठे आहे म्हणून.”

“पुढचं कुठलं! तू घालवलंस ते.”

“उद्या वाजवणार होतास.”

“तो उद्या आलाच नाही बघ. मला आधी ते कवळ्यांचं काम लागलं, मग तुझं लग्न…” त्याला हसू आलं असावं. “गिटार आहे अजून. कपाटामागे. तारा पार गंजल्यात. आणि बोटं आता दात घासून घासून जाड झालीत, सांगून ठेवतो.”

“असू देत.”

फोन ठेवून तिनं दुकानात कळवलं, आज येणार नाही. कॅसेटचा जुना रेकॉर्डर पुसला, बटण दाबून पाहिलं. लाल दिवा लागला. रेकॉर्डर, चार सेल आणि कोरी कॅसेट पिशवीत गेली. वाटेत वाद्यांच्या दुकानातून तारांचा संच घ्यायचा होता.

दारापर्यंत गेलेली ती परत फिरली आणि कपाटातून दोन धुतलेले रुमाल काढून घेतले.

“सर्दी झालीय का?” नवऱ्यानं विचारलं.

“नाही हो,” ती म्हणाली, आणि दार हलकेच ओढून घेतलं.