तपकिरी चौकोन

बाबांनी खवले चिकटलेलं बोट लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवलं. "ह्यात आपली खाडी कुठाय गं?"

मी पुण्याहून मुद्दाम आले होते. संगणकावरच्या आमच्या समुद्राच्या मॉडेलनं सांगितलं होतं, की पुढच्या वीस वर्षांत किनाऱ्यालगतचं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे माशांचं खाद्यच, घटत जाईल. बाबांनी तर नव्या होडीसाठी लाकूड आणून ठेवलं होतं. ती बांधू नका, एवढंच मला सांगायचं होतं.

मी नकाशा मोठा केला. गावाच्या जागी एक तपकिरी चौकोन होता. "मॉडेलचा एकेक चौकोन पंचवीस किलोमीटरचा असतो, बाबा. खाडी त्याहून लहान, म्हणून तिथे सगळी जमीनच धरलीय."

"म्हणजे चाळीस वर्षं मी जमिनीवर जाळं टाकतोय?" ते हसले. मला मात्र मान वर करवेना. सहा वर्षं मी या नकाशावर काम करत होते, पण त्यात आपलं गाव कधी शोधलंच नव्हतं.

बाबांनी होडी बांधणाऱ्या मेस्त्रींना फोन लावला. "मेस्त्री, होडीचं पुढच्या वर्षी बघू. आधी आमच्या पोरीला खाडी मोजू दे."