मान हलवू नकोस

चेंडू अडवताना गोलरक्षक मुलगी खांबावर डोक्यानेच आदळली आणि उताणी पडली. संघाच्या डॉक्टरबाईंनी धावत जाऊन गवतात गुडघे टेकले आणि तिचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं. “मान अजिबात हलवू नकोस. आपले गोल किती?” “दोन. मी आहे म्हणून त्यांचा एकही नाही,” मुलगी हसली. तेवढ्यात तिचे वडील आले. संघाचे प्रशिक्षकही तेच. “शुद्धीवर आहे ना? मग उठवा तिला, पाचच मिनिटं राहिलीत.” बाईंनी वरही पाहिलं नाही. “आता दोन्ही पावलं हलव.” “हलवतेय की!” बूट जागचे हलले नाहीत. बाई म्हणाल्या, “पुन्हा हलव.” “अहो, हलवतेच आहे! बाबा, तुम्हीच सांगा ना यांना.” वडील बुटांकडे बघतच राहिले. मग लेकीशेजारी गवतात बसले. “हलतायत गं,” ते म्हणाले आणि त्यांनी खुणेनेच स्ट्रेचर मागवलं.