भेसळीची फुलं

हिल्डा प्रॉसर कबरीशेजारी गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून ब्लूबेलची निळी फुलं तपासत होती. कबर नोराच्या मुलाची, कॉलिनची. नोरा मागे झारी धरून उभी होती.

"ताठ आहेत गं," हिल्डा म्हणाली. "रानातली ब्लूबेल एका अंगाला मान टाकते. ही बघ, चारी दिशांना बघतायत. बागेतल्या स्पॅनिश फुलाचं रक्त आहे यांच्यात."

"उघड्यावर ऊन जास्त लागतं, म्हणून असेल."

"उन्हाचं मला नको सांगूस. वास घेऊ, म्हणजे सोक्षमोक्ष." तिने एक तुरा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि मान हलवली. "नाही. अस्सल फुलाला गोड वास असतो. याला काहीच नाही."

"मला तर येतोय."

"तू आई आहेस. तुला येणारच."

चर्चच्या भिंतीपलीकडे लगेच रान होतं आणि त्या रानातून नवा रस्ता जायचा होता. रानातली ब्लूबेल अस्सल निघाली तर रस्ता वळणार, भेसळीची निघाली तर झाडं आडवी होणार. पुढच्या वसंतात तपासनीस यायचा होता. मधमाश्या कबरीवरचा पराग रानात नेतात आणि अस्सल फुलं बिघडवतात, असं हिल्डाने गावाच्या सभेत सांगून टाकलं. रानफुलांच्या बाबतीत तिच्यापुढे तोंड उघडायची गावात कोणाची छाती नव्हती.

कॉलिन नऊ वर्षांचा असताना कुठूनतरी खिसे भरून या फुलांचे कांदे घेऊन आला होता. दाराशी लावले, आणि त्याच उन्हाळ्यात पोरगा नदीत गेला. नोराने ते उकरून त्याच्या उशाशी आणून लावले. पुढे नवराही गेला. तिचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती हिल्डाकडे गेली. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता आणि हिल्डा टेबलाशी निवांत पुस्तक चाळत बसली होती.

"हिल्डा, टोस्ट जळतोय."

"अं? असू दे, मला कडकच आवडतो." गेल्या हिवाळ्यातल्या तापातून उठल्यापासून तिचं स्वयंपाकात लक्षच नसायचं.

"एवढा एक वसंत राहू देत. पुढच्या वर्षी काढते."

"आणि रान गेलं म्हणजे? सगळ्या गावाने तुझ्या दुःखाची किंमत मोजायची का, नोरा? माझा काय त्यात स्वार्थ आहे?" हिल्डाने काळी पिशवी पुढे केली. "मुळासकट काढ. रानापासून लांब टाक."

नोराने काढले. मुळांत गुंतलेल्या काचेच्या गोट्या निघाल्या, पोटात पिवळी रेघ असलेल्या. पोराबरोबर राहाव्यात म्हणून तिनेच पुरल्या होत्या. त्याही मातीसकट पिशवीत गेल्या. कबरीवर नुसता खड्डा राहिला. येणारे-जाणारे बघून पुढे जात होते. रान सगळ्यांनाच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने पिशवी धुऊन, घडी घालून परत दिली.

"टाकलेस ना?"

"हो."

"नखं बघ किती काळी झालीयत. हात धू."

वसंतात तपासनीस आला. मॅडॉक नावाचा, बुटका आणि मोजकं बोलणारा. निम्मं गाव त्याच्या मागे रानात चाललं होतं. तो वाकायचा, फूल हुंगायचा आणि उठायचा.

"भेसळ." पुढे गेला. "हेही. भेसळ जुनी आहे बाई, चाळीसेक वर्षांची तरी."

हिल्डाचा चेहरा उतरला. "नीट बघा साहेब. एवढं मोठं रान आहे."

ओढ्याच्या काठी, हॉलीच्या काटेरी झुडपाआड एक दाट झुबका फुलला होता. मॅडॉक वाकला. बराच वेळ उठला नाही. सावलीतल्या त्या फुलांच्या माना एका अंगाला झुकल्या होत्या. मग त्याने परत हुंगलं.

"हा अस्सल. शंकाच नको. मूळ जात इथे जिवंत आहे म्हणायची. एवढ्या एका झुबक्यावर रस्ता वळेल."

लोकांनी टाळ्या पिटल्या. हिल्डा लगबगीने पुढे झाली. "हा ना? हा माझ्या नजरेतला आहे. वीस वर्षं जपलाय मी."

मॅडॉकने तिचा हात हातात घेतला. "तुमचे उपकार आहेत बाई. आता इथली काडीसुद्धा हलवायची नाही. उद्याच पाटी लावतो."

"कबरीवर लावायला एखादा कांदा..." नोरा म्हणाली.

"नोरा, काय हे?" हिल्डा म्हणाली. "या वेळीसुद्धा तुझं आपलं तेच."

मॅडॉकने बुंध्याशी माती चाचपली. बोटाला काहीतरी टणक लागलं. त्याने पुसून उजेडात धरलं. काचेची गोटी होती, पोटात पिवळी रेघ.

"कुणा पोराची दिसते."

नोराने हात पुढे केला.

"अंहं," हिल्डा म्हणाली. "आत्ताच साहेब काय म्हणाले? ठेवा हो ती होती तिथे."

मॅडॉकने गोटी परत मातीत दाबली.