नऊ पॉइंट आठ

परीक्षकांनी अंगठा जिभेला लावला आणि मुलीच्या उत्तरपत्रिकेचं पान उलटलं. सकाळपासून एकोणीस उत्तरपत्रिका त्यांनी अशाच ओल्या केल्या होत्या. ही विसावी, शेवटची. शेजारी बसलेल्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"गुरुत्वत्वरण दहा पॉइंट शून्य आठ?" परीक्षक हसले. "पोरी, लंबक कुठल्या ग्रहावर टांगला होतास?"

मुलगी हसली नाही. "इथेच, सर. तीनदा मोजलं. वीस झोक्यांना तिन्ही वेळा पस्तीस पॉइंट चार सेकंद लागले."

"बाकी सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ आलंय. म्हणजे ते एकोणीस खोटे आणि तू एकटी खरी?"

बाई उठून लंबकाच्या टेबलाशी गेल्या. लाकडी पट्टी उचलून त्यांनी उजेडात धरली. तिचं टोक कधीतरी तुटलं होतं; आकडे थेट दोनपासून सुरू होत होते. त्या टोकापासून दोरा मोजणाऱ्या कुणालाही लांबी दोन सेंटिमीटर जास्तच दिसणार. बाईंनी मुलीने लिहिलेल्या ऐंशी सेंटिमीटर लांबीतून दोन वजा केले आणि गणित पुन्हा केलं. नऊ पॉइंट आठ तीन.

"सर, चूक पट्टीची आहे. हिचं मोजमाप चोख आहे." बोलता बोलता बाई थबकल्या. "पण टेबलावर पट्टी ही एकच. मग बाकीच्यांचं उत्तर बरोबर आलं कसं?"

"कसं म्हणजे? उत्तर पुस्तकात छापलेलं आहे, मॅडम. तिथून उलटं गणित करत यायचं. तुम्ही-आम्ही वेगळं काय केलं होतं?"

बाईंनीही तेच केलं होतं. त्यांनी पट्टी टेबलावर पालथी ठेवली.

"आता एकोणीस जणांचे गुण कापू? तुमचीच मुलं, तुमचाच निकाल." परीक्षकांनी खोडरबर मुलीपुढे सरकवलं. "खोड आणि नीट लिही. तीसपैकी तीस देतो."

मुलीने बाईंकडे पाहिलं. जे दिसेल तेच लिहायचं, हे वर्षभर बाईंनीच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

"सर म्हणतात तसं कर," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना ऐकवेना.

मुलीने खोडलं. कागद थोडा फाटला, तिथे तिने जपून नवा आकडा लिहिला. "शाब्बास!" म्हणत परीक्षकांनी गुण मांडले आणि उत्तरपत्रिका बाईंपुढे केली. पानाचा कोपरा अजून ओला होता. बाईंनी सही केली. शाई पसरली.

मग बाई खोलीतल्या नळाशी गेल्या. साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. बोटं हुंगून पाहिली आणि तिसऱ्यांदा नळ सोडला.

"बाई."

मागे मुलगी उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, बोलण्यात टोमणा नव्हता. तिने वही उघडली होती आणि पेनाचं टोपण काढलं होतं.

"उद्या भिंगाचा प्रयोग आहे ना? त्याचं उत्तर किती आणायचं, ते आत्ताच सांगून ठेवता?"