कोळशाची रेघ

रेघ अजून चार बोटं वर होती. नवसाबाई भिंतीला तोंड करून उभी होती आणि तिच्या उजव्या हाताची बोटं मुंगीच्या चालीनं भिंत चढत होती. खांद्यात ताण आला तशी ती थांबली. तिनं मनात वीस घड मोजले. आकडे तिला येत होते, पण द्राक्षाचे घड मोजले की वेळ बरा जायचा. मग बोटं आली तशीच हळूहळू खाली उतरली.

चार बोटं राहिली, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. बहिरू उंबऱ्यावर दोरी वळत बसला होता. त्यानं दोरीला आणखी एक पीळ दिला.

खांदा आखाडात धरला. आधी दुखला, मग वर जायचाच बंद झाला. वेणी सून घालायची, चोळीचा हातही तीच चढवायची. तालुक्याच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या, खांदा गोठलाय. नवसाबाईला हसूच आलं. पेठच्या डोंगरात जन्म गेला, बर्फ कधी बघितलाय कुणी?

पहिल्या दिवशी तिनं शहाणपणा केला. शेजारच्या फुलाबाईला हात धरून वर ओढायला लावला. अडकलेलं दार धक्क्यानं उघडतं, तसा हातही उघडेल असं दोघींना वाटलं. पुढं दोन दिवस तिला त्या हातात पाण्याचा तांब्या धरवेना. व्यायामाच्या बाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. ताणायचं ते सोसेल एवढंच. कळ आली की एक बोट खाली यायचं. झटका द्यायचा नाही आणि एक दिवस चुकवायचा नाही.

रेघ बहिरूनं मारलेली. भात कापून झालं की त्यांची टोळी दिंडोरीकडं द्राक्षबागेत विरळणीला जायची. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे दिवसभर हात वर. एकवीस वर्षांत नवसाबाईनं एक हंगाम चुकवला नव्हता. तिच्यासारखी कात्री टोळीत कुणाची चालत नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. यंदाचा बाग मात्र नवा होता. बहिरू एकटाच जाऊन बघून आला आणि म्हणाला, मांडव लय उंच हाय. आपल्या डोक्याच्या वीतभर वर त्यानं कोळशानं रेघ ओढली. तार इथं. नवसाबाईनं रेघ बघितली आणि तिथल्या तिथं सांगून टाकलं. हात इथवर पोचला तर येईन, नाहीतर घरी बसेन. माझ्या वाटचं काम बाकीच्या बायांनी का म्हणून ओढायचं?

दसऱ्याला तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली आणि सुनेला चिडवलं, सुटलीस गं बाई. दिवाळीला भिंत सारवायला काढली तेव्हा बहिरू म्हणाला, पुसून टाक ती रेघ, उगा जिवाला घोर. तिनं शेणाचा हात रेघेच्या कडेकडेनं फिरवला. शेवटचं भात घरात आलं त्या सकाळी तिच्या मधल्या बोटाचं टोक काळं झालं. ते बोट घेऊन ती अख्ख्या पाड्यात हिंडली. फुलाबाईनं तिला पोटाशी धरलं. बहिरू तेवढा बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

टेम्पो नव्या बागेत पोचला. नवसाबाईनं पदर खोचला, कात्री घेतली, दम धरून हात वर नेला, तर हात तारेच्या कितीतरी वर जाऊन पानांत घुसला. तिला कळेना. कोपर वाकवूनही घड सहज हाताशी येत होता. शेजारच्या ओळीतून बहिरू मान वाकवून चालला होता. तार त्याच्या कपाळाला लागत होती.

"तार कशी रं खाली आली?" तिनं विचारलं.

बहिरू एकाच घडाचे मणी बराच वेळ काढत राहिला. मग म्हणाला, "तुझा हात पडला तवा लय भ्यालो मी. एवढी उंच रेघ बघून यंदा घरी बसशील, असं वाटलं."

नवसाबाईला असा संताप आला की दुपारी तिनं त्याच्या भाकरीवर चटणी घातली नाही. तीन महिने भिंतीला बोटं घासली ती या लबाडासाठी! रागारागात कात्री मात्र झपाझप चालली. दिवस कलला तेव्हा दीड ओळ उरकली होती आणि खांदा एकदाही कुरकुरला नव्हता. खरी रेघ असती तर ती दसऱ्यालाच थांबली असती आणि अर्धा हात घेऊन इथं आली असती, हे तिच्या ध्यानात यायला तेवढा वेळ लागला.

हौदावर हात धुताना ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पुढल्या साली," ती म्हणाली, "अजून वीतभर वर मार."