चार दिवसांचा नाच

"मावशी, छत्रीचा नाच जुना झाला. आता टोपीचा चाललाय," शेजारची पार्लरवाली म्हणाली आणि शिंपीणबाईंच्या काळजात धस्स झालं. छत्रीचे व्हिडिओ अजून निम्मेसुद्धा बघून झाले नव्हते.

"अगं, आत्ता तर आला होता!"

"सोमवारी आला. चार दिवसांत म्हातारा झाला तो."

हसू दाबत तिने टोपीच्या नाचाची धून शोधून दिली. धुनेच्या नावावर बोट टेकवलं की त्यावर नाचलेले सगळे एकाखाली एक दिसतात, हेही बाईंना तिनेच शिकवलं होतं.

शिंपीणबाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री आणि आखूड करायच्या पँटींचा ढीग. मशीनला फोन टेकवून त्या शिवता शिवता बघत. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय घोट्याला आणि दुसरा पोटरीला लागला. "या वयात हे काय खूळ!" म्हणून तो तणतणत गेला.

खूळ नव्हतं ते. दीड वर्षापूर्वी बाईंची एकुलती एक लेक सकाळी कामाला म्हणून गेली, ती परतलीच नाही. नंबर बंद. मैत्रिणींनी कानावर हात ठेवले. पण आई लेकीला ओळखून होती. गाणं लागलं की पोरगी भरल्या ताटावरून उठायची. नवा नाच निघावा आणि तिने तो करू नये, हे शक्यच नव्हतं. कुठे ना कुठे ती दिसणारच.

तिच्या बाबांचंही हेच म्हणणं. ते ट्रक चालवत. माल घेऊन जिथे जात, तिथे लेकीचा फोटो दाखवत फिरत. घरी असले की जेवताना दोन ताटांशेजारी दोन फोन. तोंडात घास, डोळे फोनवर.

"नुसतं गाव कळू दे," ते म्हणत. "पुढचं मी बघतो. गाडी दारातच आहे."

शेजारीपाजारी हळहळत. "असा बाप मिळायला नशीब लागतं."

बाई मान डोलवत आणि पुढचा व्हिडिओ लावत.

टोपीच्या नाचाला तर अंतच नव्हता. नर्स नाचल्या, पोलीस नाचले, एक आजोबा टोपी नाही म्हणून पातेलं घालून नाचले. बाईंच्या डोळ्यांची आग आग होई. पाण्याचा हबका मारून त्या पुन्हा बसत. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही. आता हा नाच शिळा होणार, आणि नवा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर खोक्यांच्या कारखान्यातल्या सहा बायका आल्या. डोक्यावर निळ्या टोप्या, तोंडाला फडकी. कडेच्या एकीने गिरकी घेताना आधी डावा खांदा उचलला. बाईंचा पाय मशीनवरच थांबला. ही गिरकी त्यांनी स्वयंपाकघरात हजारदा पाहिली होती. टोपी उडाली. लांबसडक केस कानापर्यंत कापलेले, पण भुवया त्याच, कपाळ तेच.

व्हिडिओ टाकणाऱ्या खात्याला भलतंच नाव होतं. बायकांच्या मागे कारखान्याची पाटी, गावाच्या नावासकट. बारा हजार लोकांनी पाहिलेला. आकडा डोळ्यांदेखत वाढत होता.

बाहेर ट्रक येऊन थांबला.

बाई त्या खात्यावर निरोप लिहू लागल्या. एकेक अक्षर सापडेना. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. दाराशी पावलं वाजली. बाबा आत आले, तेव्हा त्यांच्या हातातल्या फोनवरही टोपीचीच धून चालू होती.

"काय गं, दिसलं का काही?"

बाईंनी बोट दाबलं. निरोप गेला.

"बाळा, हा व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाक. मागची पाटी वाचता येतेय. तुझ्या बाबांनी अजून पाहिलेला नाही."