मापाचा पाय

सदानंदचा जुना लाकडी पाय सैल होता. गिरीज गावातल्या घरात तो उठला की पाय खटखट वाजायचा, आणि तेवढ्या अवधीत त्याची बायको अनसूया मागच्या दाराने केळीच्या बागेत शिरायची. सापडली, तर तोच पाय उपसून तो तिला बडवायचा. तिच्या भुवईवरचे टाके त्याच माराचे. आज दवाखान्यात त्याला नवा पाय बसवला. “स्कॅनमध्ये आतलं हाड बघून साचा घडवलाय,” तंत्रज्ञ कौतुकाने म्हणाला. “आता टोचणार नाही, वहिनी. महिनाभरात धावतील!” अनसूया खिडकीशी पाठमोरी उभी होती. अचानक तिच्या मानेभोवती पंजा आवळला. ती किंचाळली. “मी आलेलो कळलंच नाय ना?” सदानंद तिच्या कानाशी हसला. पदराआड त्याची नखं रक्त येईस्तोवर रुतली. तंत्रज्ञही हसला, “काही शंका?” सदानंद आरशाकडे वळताच ती पुटपुटली, “साहेब, या पायाला थोडा आवाज ठेवता येईल का?”